शेजार आणि शिधा : सिक्लिड माशांची टाकी



इतिहास, साहित्य आणि आरोग्य यांच्या रांगेत संयोजकांनी यंदा काचेच्या टाकीतल्या माशांनाही एक संध्याकाळ दिली, याबद्दल त्यांचे आभार.

मासे घ्यायला गेलेला माणूस दुकानात दोन प्रश्न हमखास विचारतो. आधी, ‘याच्याबरोबर दुसरा कुठला मासा चालेल?’ आणि पैसे देऊन झाल्यावर, ‘याला खायला काय घालू?’ सिक्लिड माशांपुरतं बोलायचं तर मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मासा आपल्या मूळ पाण्यात काय खातो आणि ते कसं मिळवतो, एवढं कळलं की त्याच्या शेजारी कोणाला ठेवावं याचं निम्मं उत्तर हाती येतं.

सिक्लिड हे फार मोठं कुळ. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, मादागास्कर, भारत आणि श्रीलंका इथं ते पसरलेलं आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे सगळे याच कुळातले. आपल्या बाजारात येणारी तिलापियासुद्धा. या माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. अन्न चिरडायचं काम ती करते, त्यामुळे पुढचं तोंड खरवडायला, टिपायला किंवा ओढून घ्यायला मोकळं राहतं. एकेका जातीनं एकेक खाणं धरलं ते असं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात तर दुसऱ्या माशांचे खवले खाऊन जगणारे सिक्लिडही आहेत.

आता आफ्रिकेतल्याच मलावी सरोवराकडे जाऊ. तिथल्या खडकाळ काठाला राहणाऱ्या माशांना ‘म्बुना’ म्हणतात. उन्हातल्या दगडांवर शेवाळाचा पातळ थर धरतो, त्यात बारीक जीव असतात. बहुतेक म्बुना दिवसभर तो थर खरवडत असतात. अन्न तंतुमय आणि कसाला कमी, म्हणून आतडं लांब. नर आपला दगड राखतो आणि सगळ्यात जास्त धावून जातो तो आपल्यासारख्याच रंगारूपाच्या नरावर, कारण अन्नाला आणि माद्यांना तोच खरा वाटेकरी.

टाकी लावताना हे ध्यानात ठेवावं. एकाच रंगाचे, एकाच पट्ट्यांचे दोन प्रकार एकत्र घेऊ नयेत. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. टाकी चार फुटांची असावी, दगडांच्या कपारी भरपूर असाव्यात. मासे थोडे दाटीनं ठेवले तर भांडण एकाच्या अंगावर न येता वाटलं जातं; पण मग फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला काही पाणी बदलायलाच हवं. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नव्यानं जागा शोधू लागतात.

शिधाही त्याच हिशेबानं. म्बुनांना स्पिरुलिना शेवाळाचा दाणा, उकडून साल काढलेला मटार, पालक द्यावा. रोज ब्लडवर्म किंवा मांस घालणारे हौशी लोक पुढे तक्रार करतात की मासा फुगला, खाणं सोडलं आणि गेला. या दुखण्याला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. चुकीचा आहार आणि ताण ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणं. शिवाय मलावीचं पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून कुजून अमोनिया सोडणारा उरलेला दाणा इथं महागात पडतो. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालावं.

त्याच सरोवरातले पीकॉक सिक्लिड वाळूतले बारीक जीव शोधून खातात. म्बुनांबरोबर ठेवले तर त्यांच्या धसमुसळेपणाचा त्रास होतोच, शिवाय एका टाकीत दोघांना मानवेल असा दाणा ठरवणं अवघड जातं.

दक्षिण अमेरिकेचं गणित वेगळं. डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि 28 ते 30 अंशांचं पाणी लागतं, आणि तो सावकाश खातो. भराभर जेवणाऱ्यांच्या पंगतीत तो उपाशी उठतो. इतकी ऊब सोसणारे कार्डिनल टेट्रा त्याला चांगले सोबती. एंजल लहान असेपर्यंत निऑन टेट्राबरोबर गुण्यागोविंदानं राहतो. मोठा झाला की निऑन त्याचं भक्ष्य. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याला जिवंत गोल्डफिश घालण्याची हौस अनेकांना असते. ती सोडावी. रोग आणि परजीवी त्यातूनच येतात, आणि गोल्डफिशमधलं थायमिनेज नावाचं विकर ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट करतं. फ्लॉवरहॉर्न हा 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला मासा. भाग्य आणतो म्हणून आणा किंवा शोभेला आणा, त्याला एकटाच ठेवा.

शेजार आणि शिधा यांचा संबंध पाहायला आफ्रिकेलाच जायला हवं असं नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांतली काळुंदर, म्हणजेच केरळचा राज्यमासा करीमीन, हीसुद्धा सिक्लिडच. तिची लहान नातेवाईक ऑरेंज क्रोमाइड. ऑरेंज क्रोमाइडची लहान पिल्लं काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात, हे 1972 मध्ये अभ्यासकांनी नोंदवलं. एकीचा त्रास दुसरीचा घास झाला. पण हेच ऑरेंज क्रोमाइड संधी मिळताच काळुंदरीची अंडीही फस्त करतात. शेजारी चांगला की वाईट, हे त्या वेळी ताटात काय आहे यावर ठरतं.

म्हणून श्रोतेहो, मासा घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : हा केवढा होतो, कुठल्या पाण्यातला आहे आणि तिथं काय खातो? उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी या. आणि टाकीत न मावणारा मासा नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नका. मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये आपल्याकडे आणली गेली. आज ती देशभरच्या जलाशयांत देशी माशांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते आहे. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्या.