भाग: पक्षी की सरडा?

आजची गोष्ट जेमतेम दीड सेंटिमीटरच्या एका कवटीची आहे.

उत्तर म्यानमारमधल्या हुकाँग खोऱ्यात अंबर सापडतं. अंबर म्हणजे झाडाची राळ, लाखो वर्षांत कडक झालेली. तिथल्या सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षं जुन्या एका तुकड्यात ही कवटी होती. लांब निमुळती चोच, घुमटासारखं डोकं, मोठाले डोळे. मार्च 2020 मध्ये 'नेचर'च्या मुखपृष्ठावर ती झळकली: हमिंगबर्डएवढा डायनासोर-पक्षी! नाव दिलं ऑक्युल्युडेंटाविस, म्हणजे डोळा-दात-पक्षी.

पण काही दिवसांतच इतर संशोधकांनी शंका काढल्या. दात बघा. डायनासोरचे दात जबड्यातल्या खाचांमध्ये रुतलेले असतात. इथे ते थेट हाडाला चिकटलेत, सरड्यासारखे. डोळ्याभोवतीच्या कड्यातली हाडं चमच्याच्या आकाराची, तीही सरड्यासारखी. आणि डायनासोरच्या कवटीत डोळ्यापुढे जे भोक असतं, ते इथे नाहीच.

मग पक्षी ठरला कसा? मला यातलाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्राण्याची जागा ठरवताना त्याची लक्षणं इतर प्राण्यांशी ताडून सॉफ्टवेअर वंशवृक्ष काढतं. मूळ अभ्यासात तुलनेला घेतले होते पक्षी आणि त्यांचे डायनासोर नातेवाईक. यादीत सरडे नव्हतेच! फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये 'इतर' हा पर्यायच नसेल, तर माणूस आहे त्यातलंच काहीतरी निवडतो ना, तसंच. प्रोग्रॅम बरोबर चालला, पण प्रश्नच अर्धा विचारला गेला होता.

जुलै 2020 मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला. 2021 मध्ये दुसऱ्या गटाने आणखी एक नमुना मांडला. त्यात कवटीसोबत शरीराचा काही भागही होता. खवले, खांद्याची हाडं, कवटीतलं हॉकी स्टिकसारखं हाड, सगळं सरड्याच्या कुळाकडे बोट दाखवणारं. शिवाय पहिल्या कवटीचं तोंड दाबलं गेल्यामुळे ते जास्तच चोचीसारखं दिसत होतं, हेही कळलं. दुसऱ्या जातीचं नाव ठेवलं नागा, भारत आणि म्यानमारमध्ये राहणाऱ्या नागा लोकांवरून.

गंमत म्हणजे पेपर गेला, नाव राहिलं. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार पहिलं नाव सहजासहजी बदलत नाही. त्यामुळे हा सरडा कायमचा 'पक्षी' म्हणूनच ओळखला जाणार. जुन्या कोडमधलं चुकीचं व्हेरिएबल नाव, ज्याला हात लावायची सोय नाही, अगदी तसं!

तेव्हा कुणी सांगितलं, 'कॉम्प्युटरनेच हे उत्तर दिलंय', तर एवढंच विचारा: त्याच्यासमोर पर्याय कोणते ठेवले होते?

भेटू पुढच्या भागात.