शॉटचं वळण

आज स्कोअर नाही, ट्रेड नाही, कोण कुठल्या टीममध्ये जाणार ही चर्चा तर अजिबातच नाही. आज फक्त शॉट. म्हणजे बॉल हातातून सुटतो त्याच्या जरा आधीचा आणि जरा नंतरचा तो एवढासा क्षण. तेवढ्यावर मी वीस मिनिटं बोलणार आहे, आणि तुम्ही बस-लोकलमध्ये उभ्याने ऐकणार आहात, हे मला माहीत आहे.

आपण एखाद्याच्या अक्षराबद्दल म्हणतो ना, 'काय वळण आहे!' शॉटलाही तसंच वळण असतं. जर्सीचा नंबर पुसून टाका, चेहरा झाका, नुसती सावली दाखवा. डर्क कोण, करी कोण, रेजी मिलर कोण, हे बास्केटबॉलचं वेड असलेला माणूस लगेच सांगेल. मिलरचं तर सोप्पंच आहे, बॉल सुटल्यावर त्याचे दोन्ही हात एकमेकांवर आपटल्यासारखे फुली मारायचे. कुठल्याही कोचने आठवीतल्या पोराला असं करू दिलं नसतं. मिलरने तसं करत २५६० थ्री टाकले.

पण सुरुवात माझ्या सगळ्यात आवडत्या माणसापासून. रे ॲलन.

१८ जून २०१३. फायनलची सहावी मॅच, मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स. स्पर्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, म्हणजे ही जिंकली की ट्रॉफी त्यांची. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते पाच गुणांनी पुढे होते. ट्रॉफी देण्याच्या कार्यक्रमासाठी कोर्टच्या कडेला पिवळा दोर घेऊन लोक येऊन उभे राहिले होते. मायामीचे काही प्रेक्षक घरी निघालेसुद्धा. मग फरक तीनवर आला, लेब्रॉनने थ्री मारला, तो चुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, आणि ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्याकडे सरकत गेला. बॉल आला, शॉट गेला, ९५-९५. घड्याळात ५.२ सेकंद. ओव्हरटाइममध्ये हीटने मॅच काढली आणि नंतर सातवीही.

आता तो व्हिडिओ पुन्हा बघा, पण बॉलकडे बघू नका. पायांकडे बघा. मागे जाताना तो रेषेकडे मान वळवून पाहत नाही. तरी दोन्ही पावलं बरोब्बर रेषेच्या मागे पडतात. एक पाऊल जरी रेषेवर असतं तर दोनच गुण मिळाले असते आणि स्पर्स एका गुणाने पुढे राहिले असते. हे नशीब नव्हतं. ॲलन सरावात बास्केटजवळ जमिनीवर आडवा पडायचा, उडी मारून उठायचा, उलटा धावत कोपऱ्यात जायचा, पास घ्यायचा आणि शॉट मारायचा. असली परिस्थिती मॅचमध्ये कधी येणार, असं बघणाऱ्याला वाटलं असेल. आली. तो तेव्हा ३७ वर्षांचा होता.

त्याचा फॉर्म म्हणजे छापील कित्ता. सरळ उडी, कोपर बॉलच्या खाली, मनगट शेवटपर्यंत वाकलेलं. क्ले थॉम्पसनचा त्याच घराण्यातला, फक्त अजून कमी हालचालीचा. ५ डिसेंबर २०१६ ला क्लेने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्यासाठी बॉल जमिनीवर आपटला किती वेळा? ११! अख्ख्या मॅचमध्ये बॉल त्याच्या हातात मिळून जेमतेम दीड मिनिट होता. घ्यायचा, सोडायचा. बस्स.

इथे थोडं गणित करू. पळून जाऊ नका, स्वयंपाकघरातली वाटी पुरेल. वाटीकडे बरोबर वरून पाहिलं की तोंड गोल दिसतं. तिरकं पाहिलं की लंबगोल होतं, चपटं होत जातं. रिंगचंही तसंच. रिंगचा व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, बॉलचा २४. बॉल ४५ अंशांच्या कोनात उतरत आला तर त्याला समोर सुमारे ३२ सेंटिमीटरची जागा मिळते. ३० अंशांत सपाट आला तर जागा उरते २३. म्हणजे बॉल कुठेही न घासता आत जाऊच शकत नाही! म्हणून कोच ओरडतात, 'आर्क दे, आर्क दे.' उगाच नाही ओरडत.

हे गणित सगळ्यात मनावर घेतलं ते डर्क नोवित्स्कीच्या गुरूने. होल्गर गेश्विंडनर हा जर्मनीकडून १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला माणूस, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला. त्याला व्युर्झबुर्गमधला हा किडकिडीत, उंच पोरगा सापडला. त्याने डर्कची उंची, हाताची लांबी धरून हिशेब मांडला, की बॉल कुठल्या कोनात सोडला तर थोडीफार चूक होऊनही तो आत जाईल. पुढे त्यातून एका पायावरचा, मागे झुकत मारलेला तो शॉट आला. सात फुटी माणूस, गुडघा वर, अंग मागे कललेलं, बॉल अजून वर. अडवणार कोण? डॅलसमध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, तोही त्याच पोझमध्ये.

आणि आता गंमत ऐका. २०११ मध्ये डॅलस चॅम्पियन झालं तेव्हा त्याच टीममध्ये शॉन मॅरियन होता. मॅरियनचा शॉट ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आज पाहाच. बॉल छातीजवळून, दोन्ही हातांनी ढकलल्यासारखा, जणू जड पिशवी समोरच्याच्या हातात द्यायची आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोठ्याने हसले होते. पण या माणसाने कारकिर्दीत शंभरातले ८१ फ्री थ्रो टाकले, चार वेळा ऑल-स्टार झाला. एकाच टीममध्ये एकाचा शॉट गणिताने घडवलेला, दुसऱ्याचा गल्लीतून उचलून आणल्यासारखा, आणि दोघांच्याही बोटात अंगठी. आपल्याकडे बुमराहचा रन-अप पाहून कोण म्हणतं की बदल म्हणून? तसंच.

मला वाटतं, सुंदर शॉट म्हणजे पुस्तकातला नव्हे. सुंदर शॉट म्हणजे जो शंभराव्या वेळीही पहिल्यासारखाच येतो. मॅरियन दर वेळी तसाच ढकलायचा. मिलरच्या हातांची फुली दर वेळी तशीच.

मग 'माझा फॉर्म वेगळा आहे, कोच बदलायला सांगतात, काय करू?' असे मेसेज तुम्ही मला पाठवता, त्याचं काय? त्यासाठी करी.

स्टेफ करी शाळेत असताना बॉल कमरेजवळून वर आणायचा. पोरगा बारीक, ताकद कमी, तेवढं जोर आणायला खालूनच यावं लागायचं. आणि शॉट पडतही होते! पण वडील डेल करी स्वतः १६ सीझन एनबीए खेळलेले. त्यांना दिसत होतं की वरच्या पातळीवर उंच डिफेंडर हा शॉट सुटायच्या आतच अडवतील. त्यांनी एका उन्हाळ्यात बॉल डोक्याच्या वर न्यायला लावला. झालं, शॉट गेला. कित्येक आठवडे स्टेफला बास्केटच्या जवळूनच मारावं लागायचं, लांबून बॉल पोहोचेचना. घरच्या अंगणात रडकुंडीला येऊन सराव चालायचा. जे एकमेव आपल्याला उत्तम येतं, तेच बापाने काढून घेतलं, असं वाटलं असेल त्या पोराला.

पण बघा, डेलने काय बदललं आणि काय ठेवलं. उंची बदलली. स्टेफची पावलं आजही सरळ रिंगकडे नसतात, किंचित डावीकडे वळलेली असतात. पुस्तकात हे चूक. ते कुणी 'दुरुस्त' केलं नाही. बॉल अडवला जाणार, हे कारण होतं. दिसायला बरं नाही, हे कारण नव्हतं. तुमच्या कोचना हाच प्रश्न विचारा, आदराने: सर, हा बदल कशासाठी? उत्तर असेल तर दात-ओठ खाऊन तो उन्हाळा काढा. १४ डिसेंबर २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये करीने २९७४ वा थ्री टाकून विक्रम मोडला. तो विक्रम रे ॲलनचाच होता, आणि ॲलन तिथे टाळ्या वाजवत होता. मिलरसुद्धा.

शेवटी मार्केल फुल्ट्झ. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा भाग मला संपवता येत नाही. कॉलेजमध्ये शंभरातले ४१ थ्री टाकणारा, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला मुलगा. फिलाडेल्फियात आला आणि काही महिन्यांत शॉटच हरवला. फ्री थ्रोला हात वर जायचा, मध्येच अडखळायचा, बॉल कसाबसा सुटायचा. इंटरनेटवर त्याची किती टिंगल झाली! मनाने खचलाय, डोक्यात बिघाड आहे, सगळे मानसोपचारतज्ज्ञ झाले. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं: मान आणि खांद्यामध्ये नसा दबल्या जातात, असा आजार. म्हणजे हात खरोखरच ऐकत नव्हता.

पुढे तो ऑर्लँडोला गेला. मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ते वेगळंच. तरी २०२२-२३ च्या सीझनला त्याची सरासरी मॅचमागे १४ गुणांची होती. त्याचे त्या वर्षीचे मधल्या पट्ट्यातले शॉट शोधून बघा. कॉलेजमधला मऊपणा नाही, हात जरा जपून वर जातो. पण अडखळत नाही. सुटतो.

व्हिडिओ बघून तुमचा आवडता फॉर्म कुणाचा ते मला व्हॉइस नोटने पाठवा. आणि हो, जोकीम नोआचं नाव आलं तर पुढच्या भागात वाचणार नक्की. भेटू!