पाणी कुठवर आलंय?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘ए’ विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण. मोबाइलवरील रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिव म्हणाले, “काकू, दहा मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही निवडा.” टँकरचे दिवस, लिफ्टची भांडणं, बिल्डरकडून कागद मिळवताना झिजलेल्या चपला, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून टाकलंय. त्यामुळे मी थोडी लांबची गोष्ट सांगते. २०१७ साली आम्ही दोघं मुलाकडे ह्यूस्टनला गेलो होतो आणि हार्वी वादळात सापडलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा फोन केले होते. साडेदहा तासांचा फरक विसरून रात्री दोनलाही केले होते. तक्रार नाही, तेव्हा जागेच होतो.

२५ ऑगस्ट, शुक्रवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी. सूनबाईने आरतीला चौदा घरं बोलावली होती. ह्यूस्टनला मराठी माणसं पुष्कळ, कुणी तेल कंपन्यांत, कुणी दवाखान्यांत, कुणी नासात. यादी फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली. त्याच रात्री वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्ट गावाजवळ धडकलं. चौथ्या श्रेणीचं, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे. आमच्यापासून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास लांब. सकाळपासून एकेक फोन येत होता, “येणं जमणार नाही हो.” सूनबाई नावावर रेघ मारायची. शेवटी आरतीला तीन घरं आली आणि मोदक उरले साठ.

आता तुम्ही सगळ्यांनी तेव्हा एकच विचारत होतात: “आधीच निघून का नाही गेलात?” त्याचं उत्तर आज देते. २००५ मध्ये तिथे रीटा नावाचं वादळ आलं होतं. त्याच्या महिनाभर आधी कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलेलं, म्हणून घाबरून पंचवीस लाखांवर माणसं एकदम गाड्या काढून निघाली. रस्ते तुंबले, उन्हात गाड्या तासन्‌तास उभ्या. एका बसला आग लागून वृद्धाश्रमातली माणसं गेली. वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं दगावली. म्हणून २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर सोडायला सांगितलं नाही. घरात राहा म्हणाले. बरोबर की चूक यावर तिकडे अजून वाद घालतात. मला विचाराल तर मला पटलं होतं.

शनिवारी वारा ओसरला. वादळाची श्रेणी उतरली आणि टीव्हीवाले सोडून सगळे सैलावले. इथेच फसगत झाली. ती जी एक ते पाचची श्रेणी असते ना, ती फक्त वाऱ्याच्या वेगाची. पावसाचा त्यात हिशेबच नाही. वादळाला पुढे ढकलणारं वाऱ्याचं वाहणं वरती उरलं नाही, त्यामुळे ते जागच्या जागी घुटमळत राहिलं. खाली मेक्सिकोच्या आखाताचं कोमट पाणी, ते उपसून आमच्यावर ओतत राहिलं. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, ते आपण विसरलेलो नाही. सोसायटीच्या तळमजल्याने तर मुळीच नाही. तिकडे नेदरलँड नावाच्या गावात त्या चार-पाच दिवसांत साठ इंचांवर पडला, म्हणजे १५०० मिलिमीटरच्या वर. आणि जमीन आपल्या परातीसारखी सपाट. पाणी जाणार कुठे?

फोन सारखा किंचाळायचा. चक्रीवावटळीचा इशारा आला की खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत जा. पाच मिनिटांनी पुराचा इशारा, वर जा. आमचे हे म्हणाले, “मी जिन्यातच बसतो.” आणि खरंच उशी घेऊन जिन्यात बसले. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन शनिवारी बादलीत केलं. बाहेर रस्त्याचा ओढा झालेला, आणि आम्ही बाप्पाला नळाच्या पाण्यात सोडतोय.

आता मुद्द्याचं. शनिवारी रात्री सूनबाईने ती आरतीची यादी खाली काढली आणि ज्यांचं येणं झालं नाही त्यांना फोन सुरू केले. मी टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेली, मला राहवलं नाही. म्हटलं, प्रत्येकाने प्रत्येकाला फोन करायचा नाही, बॅटऱ्या संपतील. एका घराने करायचा, सकाळी आठ आणि रात्री आठ, आणि बाकीच्यांना मेसेजने कळवायचं. आणि “ठीक आहात ना?” असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला मराठी माणूस “हो, ठीक” एवढंच म्हणतो. घरात गुडघाभर पाणी असलं तरी म्हणतो. विचारायचं, “पाणी कितव्या पायरीवर आलंय?”

नातू हसला. “आजी, इथे पायऱ्या नसतात.” मग आम्ही त्यांच्या पायऱ्या ठरवल्या: रस्त्याच्या कडेचा दगड, पत्रपेटीचा खांब, गॅरेजचं दार, उंबरठा. त्या चार खुणांवरून प्रत्येक घराचं कळायचं, आणि सकाळची खूण रात्रीच्या खुणेशी ताडून बघता यायची. गॅरेजच्या दाराशी आलं की त्या घराला सांगायचं, औषधं, पासपोर्ट, चार्जर वर न्या. रविवारी रात्री तेरापैकी दोन घरं उंबरठ्याच्या आत गेली. एक बार्कर धरणाच्या मागच्या वसाहतीतलं. ही धरणं चाळीसच्या दशकात बांधलेली, एरवी कोरडी, आत बागा आणि पायवाटा. मागच्या बाजूला घरं उठली, आणि घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण धरणाच्या पोटात राहतोय हेच ठाऊक नव्हतं. दोन्ही कुटुंबं शेजाऱ्यांच्या माडीवर गेली.

तेरा म्हटलं मी. बोलावली होती चौदा.

मंगळवारी, २९ तारखेला पहाटे उठले तर फोनवर मेसेजचा ढीग. वाटलं, परत आमची चौकशी. बघते तर तुमचेच फोटो! मुंबईत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस, गाड्या बंद, नणंद परळला अडकलेली. त्या दिवशी मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी “सगळे सुखरूप ना?” विचारलं होतं, खाली अंगठेच अंगठे. मी अंगठे मोजत बसले. कुणाचा आला ते दिसतं. कुणाचा आला नाही ते दिसत नाही. आणि एकदम पोटात गोळा आला.

चौदावं नाव एका गृहस्थांचं होतं. नागपूरकडचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, एक भाचा पुण्याला. बैठ्या घरात एकटे. त्यांनी गुरुवारीच कळवलं होतं, “मी येत नाही, रात्री गाडी चालवत नाही.” म्हणून सगळ्यांत आधी रेघ त्यांच्या नावावर. ती रेघ इतकी ठळक होती की शनिवारी नाव वाचताना डोळा त्यावरून घसरला. बाकीच्यांना वाटलं, त्यांना आमच्या घरून फोन जात असेल. शिवाय रविवारपर्यंत त्यांच्या भागात पाणीच नव्हतं. पण धरणं भरत आली म्हणून सोमवारी पहाटे पाणी सोडावं लागलं, आणि खालच्या अंगाला बफेलो बायू नावाच्या ओढ्याकाठी त्यांचं घर.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. चार दिवस मी सगळ्यांना शिस्त शिकवत होते, आणि घरातल्या फ्रिजवरचं एक नाव माझ्याकडून सुटलं होतं.

मुलगा निघायला तयार, पण रस्ते पाण्याखाली. ९११ वर इतके फोन जात होते की ताटकळत बसावं लागे. मग त्याने स्वयंसेवकांना पत्ता कळवला. लुइझियानातून माणसं स्वतःच्या होड्या ट्रेलरवर लादून आली होती, मासेमारीच्या होड्या, पेट्रोल स्वतःचं. केजन नेव्ही म्हणतात त्यांना. नाव आरमाराचं, पण सरकारी काही नाही, कॅटरिनाच्या वेळी जमलेली साधी माणसं. मोबाइलवर वॉकीटॉकीसारखं ॲप होतं, त्यावर पत्ते सांगायचे.

दुपारी चारला अनोळखी नंबरवरून फोन आला. शाळेतल्या छावणीतून, दुसऱ्याच्या फोनवरून, तेच बोलत होते. आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून होते. फोन पाण्यात पडला. इन्सुलिनची पेटी मांडीवर. आमचा नंबर त्यांना सापडला कारण जुन्या माणसासारखी खिशात डायरी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, “सोमवारी फोन चालू होता तेव्हा का नाही केलात?” म्हणाले, “वहिनी, सगळेच अडचणीत. त्यात माझं काय सांगायचं?”

गुरुवारी ते आमच्याकडे आले आणि सात आठवडे राहिले.

पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी त्यांच्या घरात बरेच दिवस होतं. उतरल्यावर आम्ही सगळे गेलो. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती म्हणजे जिप्समचे पत्रे. ते पाणी शोषून घेतात, दोन दिवसांत बुरशी धरते. पाण्याच्या रेषेच्या बरंच वरपर्यंत भिंत कापून काढायची, आतला कापूस उपसायचा, गालिचे गुंडाळून रस्त्यावर टाकायचे. टाकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, मदतीच्या अर्जासाठी. साध्या गृहविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. त्याचा विमा वेगळा, आणि तो बहुतेकांकडे नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे ढीग, प्रत्येक घरापुढे त्याचा त्याचा संसार.

त्या ढिगात त्यांच्या पत्नीची पदार्थांची वही निघाली. हाताने लिहिलेली, चिकटून लगदा व्हायच्या बेतात. मी उन्हात ठेवणार होते. सूनबाईने हातातून घेतली, पिशवीत घातली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण गोठवलं की बुरशी थांबते, आणि मग सवडीने एकेक पान सोडवता येतं. पुढे महिनाभर आम्ही तेच केलं, पानांमध्ये टिपकागद घालत. सांडग्यांचं पान गेलं. बाकी बरंच वाचलं.

पहिले दहा दिवस ते गृहस्थ अगदी उत्साहात होते. विनोद करायचे, कुदळ घ्यायचे. आम्ही म्हटलं, किती धीराचे! तिसऱ्या आठवड्यात, मदतीला येणारे आपापल्या कामाला लागले तेव्हा, गप्प झाले. जेवायला हाक मारली तर “हो” म्हणायचे आणि बसून राहायचे. पाऊस आला की उठून दार उघडून बघायचे. त्यांना मी दोनदा म्हटलं, “जीव वाचला हे महत्त्वाचं, वस्तू काय परत घेता येतात.” दुसऱ्यांदा ते म्हणाले, “वहिनी, ही वस्तू नव्हती, हे आमचं घर होतं.” तेव्हापासून ते वाक्य मी कुणाला म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, अगदी प्रेमाने म्हणायचं असलं तरी.

काय करावं सुचेना. शेवटी आमच्या ह्यांनी ती यादी त्यांच्या हातात दिली. म्हणाले, “आठचे फोन आता तुम्ही करा, मला ऐकू कमी येतं.” ऐकू चांगलं येतं ह्यांना, हवं ते. पण ते गृहस्थ फोन करायला लागले. पाणी ओसरलेलं, म्हणून प्रश्न बदलले. भिंत लागली का? अर्जाचं उत्तर आलं का? मुलं झोपतात का? ज्या घराच्या उत्तरात दोन दिवस लागोपाठ “ठीक” आलं, तिथे मुलाला घेऊन स्वतः जायचे. महिन्याभरात लोक आठ वाजता फोनजवळ बसायला लागले. त्यांच्या भिंती उभ्या राहायला एप्रिल उजाडला. त्याआधीच ते तिथून जवळ भाड्याच्या खोलीत गेले, यादी बरोबर घेऊन.

ती आरतीची मूळ यादी नव्हे. ती मी इकडे आणली आहे. ही बघा, त्यांच्या नावावर रेघ अजून आहे.

सचिवांच्या परवानगीने मी एक कागद फिरवायला दिलाय. फ्लॅट नंबर, घरात एकटं कोण असतं, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध आहे का, बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात, तुमच्या दारावर कोणी येऊन विचारायचं त्या शेजाऱ्याचं नाव. त्याला विचारून लिहा, परस्पर नको. ज्यांना वाटतं आपल्याला गरज नाही, त्यांनी आधी भरा. कागद दुसऱ्या रांगेत अडकलाय वाटतं. पेन माझ्याकडे आहेत.