गायरानातलं घर

नांदेड-लातूरकडे गावाबाहेर, गायरानाच्या कडेला पत्र्याची नि पाचटाची घरं दिसतात. भूमिहीन दलितांची, पारध्यांची. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांवरचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला. राहायला जागा मात्र मिळाली नाही. तलाठ्याच्या दप्तरात अशा घरांची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये होते, म्हणजे अतिक्रमणांच्या वहीत.

हीच नोंद त्यांचा आधारही असते! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना जमीन नावावर करून घेण्याची वाट दिली. पुरावा म्हणून एक-ईची नोंद, दंडाची पावती कामी येते. पण जो ऊसतोडीला सहा महिने परमुलखात, त्याची नोंद कोण करणार?

घरकुलासाठी २०१६ पासून केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यासाठी आधी जागा हवी. जागाखरेदीला अर्थसाहाय्य आहे, पण पारध्याला गावात जागा विकणारा भेटला पाहिजे ना!

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, ऑल्गा टेलिस खटल्यात, फूटपाथवरची माणसं गुन्ह्याच्या हेतूने नव्हे, नाइलाजाने तिथे राहतात, हे मान्य केलं. २०११ च्या जगपाल सिंग निकालाने गायरानं मोकळी करण्याचा आदेश दिला. त्यातही शासन निर्णयाने जमीन मिळालेल्या भूमिहीन मजुरांचा, अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद आहे. घर हटवण्याची नोटीस आली तर उत्तरात तो अपवाद जरूर लिहा, आणि पावत्या जोडा.