नोकरी, मातृत्व आणि आपण



कर्जत-खालापूरच्या आपल्या मुली आज शिकतात, लोकलने नोकरीला जातात. पण मूल झाले की कितीतरी जणींची नोकरी सुटते. आपण म्हणतो, नशीब! ते नशीब नव्हे. खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

मुंबई प्रांताने 1929 साली प्रसूती लाभाचा कायदा केला. 1928 मध्ये विधिमंडळात त्याला पाठिंबा देताना, हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते. 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. 50 वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. मात्र कामगार विमा योजनेबाहेरील स्त्रीचा रजेतला पगार मालकालाच द्यावा लागतो. साहजिकच कित्येक मालक बाईला कामावर घेताना कचरतात. स्वीडनमध्ये हा पैसा सामाजिक विम्यातून येतो आणि 1974 पासून बापालाही रजा मिळते.

पालकहो, मुलगी खोपोलीच्या कारखान्यात लागली, तर पगाराबरोबर रजेची व पाळणाघराचीही चौकशी करा. आणि मुलांनो, उद्या पाळण्याची दोरी तुम्हीही हाती घ्या. कायदा दारापर्यंत येतो. घरातले काम घरानेच करायचे असते.