चैत्रातली स्पीच थेरपी

मुलांच्या स्पीच थेरपीत ऋतूचे स्थान केवळ सजावटीचे नसते. मूल बोलते ते समोर दिसणाऱ्या, हातात आलेल्या, जिभेला चव लागलेल्या वस्तूंबद्दल, आणि या वस्तू ऋतूगणिक बदलतात. होळीपासून वैशाख संपेपर्यंतचे अडीच महिने अहिल्यानगर जिल्ह्यात फार बोलके असतात. होळी, मढीची यात्रा, पाडवा, चैत्रगौर, रामनवमी, गावोगावच्या जत्रा, चिंचा, कैऱ्या, अंगणातली वाळवणे असे सगळे एकापाठोपाठ येते. पण याच दिवसांत थेरपीच्या टेबलावर मुलापुढे जी चित्रे मांडली जातात, त्यांत बहुधा पिवळी डॅफोडिल, रबरी बूट, छत्री आणि रंगवलेली अंडी असतात. इंग्लंड-अमेरिकेचा वसंत ओला असतो. पाथर्डी-पारनेरचा एप्रिल म्हणजे टँकरची वाट पाहण्याचे दिवस. ज्या मुलाला शब्द आठवणे मुळातच जड जाते, त्याच्यापुढे कधी न पाहिलेली वस्तू ठेवली आणि ते गप्प राहिले, तर अडले ते शब्दाला की ओळखीला, हे तपासणाऱ्याला कळणार कसे? तिथे निदानच चुकते.

परिसरातून साधने घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ या काळात त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर पोहोचणार नाहीत हे ओळखून दोघींनी बिया, खडे, पाने, माती, शिंपले यांतून तीच शिकवण उभी केली. वाचा-उपचाराच्या क्षेत्राने हा धडा अजून पुरता उचललेला नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून तज्ज्ञ घडवीत आहेत. तरी तालुक्याच्या गावी बसलेल्या थेरपिस्टच्या कपाटात अजून परदेशी कार्डांचे गठ्ठेच सापडतात.

या जिल्ह्यात वसंताला आणखी एक महत्त्व आहे, आणि ते पुस्तकात लिहिलेले नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुले सोबत असतात, कोपीत म्हणजे तळावरच्या झोपडीत राहतात. कारखान्यांचे गाळप मार्च-एप्रिलच्या आसपास थांबले की टोळ्या गावी परततात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या १४ तालुक्यांच्या जिल्ह्यात उशिरा बोलणारे, अडखळणारे किंवा कानाने कमी ऐकणारे मूल थेरपिस्टच्या हाती लागते ते अशा वेळी. जूनमध्ये पेरणीची धांदल आणि शाळा सुरू होईपर्यंत ते हाताशी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी करतो. जन्मजात बहिरेपण, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, भाषाविकासातील विलंब हे सर्व त्याच्या यादीत आहे. मात्र तपासणीचे पथक आले त्या दिवशी मूल फडात असेल, तर यादी कोरीच राहते. म्हणून आठवड्याला एक सत्र असे वर्षभर रेंगाळणारे वेळापत्रक या मुलांच्या कामाचे नाही. पाडव्यापासून पुढे आठवड्यातून तीन-चार सत्रे, आईवडील सत्रात हजर आणि प्रत्येक कृती घरी जशीच्या तशी करता येईल अशी, ही आखणी इथे बसते. कृती ऋतूतून घेण्याचे खरे कारणही हेच आहे. सत्रात जे केले ते संध्याकाळी घरातही चालू असेल, तर सरावाची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

कैरीचे पन्हे हे अशा कृतीचे उत्तम उदाहरण आहे. उकडलेल्या दोन कैऱ्या, गूळ, मीठ, वेलदोडा, पातेले, पळी, पाण्याचा तांब्या, एवढे साहित्य. एकेक शब्द बोलणारे चार वर्षांचे मूल समोर बसले आहे असे धरले, तर थेरपिस्टचे पहिले काम सगळे त्याच्या हातात न देणे हे असते. गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे 'उघड' म्हणण्याची गरज पडते. पळी आईकडे ठेवायची, म्हणजे 'दे' म्हणावे लागते. मग थांबायचे, मनात दहा आकडे होईपर्यंत. हे थांबणे मोठ्यांना फार कठीण जाते. आई तिसऱ्या आकड्यालाच 'गूळ म्हण, गूळ म्हण' सुरू करते. मूल 'गूळ' म्हणाले की त्यात एकच शब्द वाढवून परत द्यायचा: 'गूळ टाक.' पुढे 'मीठ टाक', 'वेलदोडा टाक', 'पाणी टाक'. क्रियापद तेच आणि वस्तू बदलत्या, त्यामुळे दोन शब्दांच्या वाक्याचा साचा मुलाच्या कानात बसतो. सोल, दाब, ओत, ढवळ, चाख ही क्रियापदे ओघात येतात. एरवी कार्डांवर भर असतो तो नामांचा, आणि क्रियापदांशिवाय वाक्य उभे राहत नाही.

थोड्या मोठ्या मुलासाठी याच पातेल्यात व्याकरण आहे. मराठीत तीन लिंगे आणि भूतकाळात कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद. कैरी सोलली, गूळ टाकला, मीठ टाकलं, कैऱ्या उकडल्या. दहा मिनिटांत तिन्ही लिंगे आणि अनेकवचन हाताळून होते. मूल 'गूळ टाकली' म्हणाले तर 'चूक' म्हणून अडवायचे नाही. 'हो, गूळ टाकला' असे नेमके रूप कानावर घालून पुढे जायचे. शेवटी चव. कैरी आंबट, गूळ गोड, मीठ खारट, आणि पाडव्याला खाल्लेला कडुनिंब कडू. ही विशेषणे चित्रातून शिकवता येत नाहीत, जिभेनेच शिकावी लागतात. एक दक्षता मात्र सोडता कामा नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला त्याच्या गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज पातळ पन्हे देऊ नये. चिंचोक्यांचे खेळ मोजणीला कितीही छान असले तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोका द्यायचा नाही. तो सहज घशात अडकतो.

गुढीतून शब्दयोगी अव्यये आणि त्यांच्यासाठी होणारे सामान्यरूप येते. कडब्याच्या धाटाची वीतभर गुढी सत्रात उभारता येते: पाटावर धाट, धाटाला खणाचा तुकडा, तुकड्याशेजारी लिंबाची डहाळी आणि गाठी, टोकाला उपडा कागदी पेला. 'पाट वर' म्हणणाऱ्या मुलाला 'वर' कळलेले असते. 'पाटा-' हे रूप त्याच्या हाती आलेले नसते. भाषेचा विकास मागे असलेल्या मराठी मुलांत ही खूण जपून पाहावी, कारण इंग्रजी चाचण्यांत ती पकडण्याची सोयच नाही.

उच्चारांचे काम करताना ऋतू आणखी उपयोगी पडतो. ओठांचे ध्वनी मुलांना लवकर येतात: आंबा, पापड, बी. र आणि ळ मागाहून. वसंतात ळ ठायी ठायी भेटतो: डाळ, गूळ, फळ, पळस, कोकिळा, उन्हाळा, वाळवण. मराठीत ळ आणि ण शब्दाच्या आरंभी येत नाहीत. त्यामुळे आधी आरंभीचा, मग मधला, मग शेवटचा ध्वनी ही इंग्रजी पुस्तकांतली चढण इथे मोडते. ळ शब्दाच्या मध्ये किंवा शेवटीच शिकवावा लागतो, आणि आंबेडाळीच्या वाटीभोवती बसून तो सहज शिकवता येतो. च चे तर दोन उच्चार. 'चिंच' या इवल्या शब्दात पहिला च तालव्य, शेवटचा दंततालव्य. चैत्रांगणाच्या रांगोळीत चंद्र आणि चांदणी शेजारी शेजारी काढली की तोच फरक बोटाने दाखवता येतो. मूल रांगोळीच्या एकेका चिन्हावर बोट ठेवून नाव घेते, आणि पन्नास वेळा तोच ध्वनी म्हणूनही त्याला कंटाळा येत नाही.

जत्रेतली पिपाणी आणि भिंगरी यांच्याबद्दल स्पष्ट बोलणे जरूर आहे. फुंकण्याने, गाल फुगवण्याने, जीभ वर-खाली करण्याने उच्चार सुधारतात हा समज पालकांत तर आहेच, काही उपचार केंद्रांतही आहे. उच्चारदोष असलेल्या मुलांसाठी या बिनबोली व्यायामांचा उपयोग होतो याला पुरेसा पुरावा नाही, असा वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाला तर तासचे तास पिपाणी वाजवायला लावणे हा अन्याय आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याला हवा असतो नेमक्या ध्वनींचा सराव. 'काका, कैरी कापा', 'ताई, गाठी दे', 'बाबा, पापड दे' अशा वाक्यांत एकही अनुनासिक नाही. हवा नाकातून निसटली तर लगेच कानाला कळते. पिपाणी मुलाने आनंदासाठी वाजवावी, खुशाल वाजवावी. आणि जत्रेहून परतल्यावर ती कुठून घेतली, कुणी घेऊन दिली, किती पैसे पडले हे त्याने सांगावे. त्या सांगण्यात थेरपी आहे. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भरणारा गाढवांचा बाजार पाहून आलेले मूल सहा-सात वाक्ये सलग बोलू शकते, फक्त विचारणाऱ्याने दर वाक्याला नवा प्रश्न टाकू नये.

होळीची बोंब ही अनुकरणाची पहिली पायरी होऊ शकते. मोकळा आवाज आणि ओठांवर पालथा हात एवढेच तिला लागते. न बोलणारे मूलही त्यात सामील होते. ज्यांच्या स्वरयंत्रावर गाठी आहेत त्यांना मात्र ओरडू देऊ नये. स्वमग्न मुलांच्या बाबतीत धुळवड आणि रंगपंचमी फार जपून हाताळावी लागते. अचानक अंगावर आलेला ओला रंग आणि गलका काहींना असह्य होतो. सणाच्या आठवडाभर आधी 'नको', 'थांब', 'पुरे' हे शब्द, किंवा शब्द नसतील तर त्यांचे चित्र, मुलाच्या हाती असले पाहिजे आणि घरच्यांनी ते मानले पाहिजे. मुलाचा नकार ऐकला गेला की बोलण्यावरचा त्याचा विश्वास वाढतो. 'हो' शिकवण्याची घाई सगळ्यांनाच असते. 'नको' शिकवणे तेवढेच निकडीचे आहे.

तोतरेपणा असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी पाणपोई आहे. चैत्रात एसटी स्टँडजवळ, आठवडे बाजारात पाणपोया लागतात. 'पाणी देऊ का, मावशी?' एवढेच वाक्य, पण ते अनोळखी माणसाशी, दिवसातून कितीतरी वेळा. आधी सत्रात, मग घरी आलेल्या पाहुण्यांशी, मग पाणपोईवर असे टप्पे ठेवावेत. मूल अडखळले तर सोबतच्या मोठ्या माणसाने शब्द पुरा करून देऊ नये, ही अट.

बोलीबद्दल एक इशारा. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत 'पाणी' हे 'पानी' असते. अकोले तालुक्यातल्या ठाकर, महादेव कोळी वस्त्यांची बोली वेगळी, बंजारा तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी. घरात सगळे जसे बोलतात तसे मूल बोलत असेल, तर तो दोष नव्हे आणि त्यावर उपचार करायचा नसतो. आजीच्या तोंडचा उच्चार ऐकल्याखेरीज मुलाच्या उच्चारावर शिक्का मारू नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांना हा ऋतू कठीण जातो. रंगपंचमीला यंत्र काढून कोरड्या डब्यात ठेवावे. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाहेरच्या भागालाही हाच नियम. उन्हाने घाम येतो, ओल यंत्रात शिरते, आवाज चिरका होतो, आणि मूल 'ऐकत नाही' म्हणून बोलणी खाते. रोज रात्री यंत्र पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवणे आणि सकाळी आईने ते आधी स्वतः ऐकून पाहणे, हे प्रत्येक घराला शिकवलेच पाहिजे.

दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ ने वाचा व भाषा दिव्यांगत्वाला स्वतंत्र स्थान दिले. पण कोपीत राहणाऱ्या मुलापर्यंत हक्क पोहोचायचा तर कुणीतरी तो घेऊन जावा लागतो. म्हणून थेरपिस्टांपुढे एक ठोस काम ठेवले पाहिजे. वसंतातल्या सत्रांनंतर प्रत्येक मुलासाठी एका पानाचा तक्ता तयार व्हावा. त्यात मूल आज किती शब्दांचे वाक्य बोलते, कोणता ध्वनी कोणत्या शब्दांत स्वच्छ येतो, पुढचे कोणते पाच शब्द घ्यायचे, श्रवणयंत्राच्या बॅटरीचा नंबर काय, हे मराठीत, ठळक अक्षरांत असावे. आईला वाचता येत नसेल तर चित्रे असावीत. त्याची एक प्रत गावच्या अंगणवाडी सेविकेकडे राहावी आणि एक दसऱ्यानंतर टोळीसोबत कारखान्याच्या तळावर जावी, म्हणजे तिथल्या अंगणवाडीला किंवा शाळेला त्या मुलाची सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागणार नाही.