हातांनी दिलेली साक्ष



'ख्रिस्ती माणसाची श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोचते', हा आजच्या भाषणाचा विषय. तो ऐकून माझ्या एका मित्राने विचारले, "अरे, यावर एखाद्या फादरने बोलावं, पाळकाने बोलावं. तू मुसलमान, तू काय बोलणार?" मी म्हणालो, "शेजाऱ्यापर्यंत काय पोचलं, हे शेजाऱ्यालाच विचारायला नको का?"

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळीत 'साक्ष देणे' असा एक शब्द नेहमी कानावर येतो. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले हे चारचौघांत सांगणे, म्हणजे साक्ष. आमच्या कलम्यालाही 'शहादत' म्हणतात, आणि शहादत म्हणजेही साक्ष. दोन्ही धर्मांनी एकच शब्द निवडला याचे मला फार दिवस कौतुक वाटत आले आहे. पण कोर्टात गेलेल्या माणसाला ठाऊक असते की, ऐकीव गोष्टीला तिथे फारशी किंमत नसते. साक्षीदाराने स्वतः काय पाहिले ते विचारतात. म्हणून मीही आज पाहिलेलेच सांगणार आहे.

आपल्या वऱ्हाडात ख्रिस्ती माणसे संख्येने थोडी. अकोला, अमरावती, खामगाव या भागांत अलायन्स मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. अचलपूरला, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरला, कोरकूंसाठी काम करणारे वेगळे मिशन होते. त्या मिशनमधल्या जॉन ड्रेक नावाच्या पाद्र्याने १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले. मेळघाटातल्या माणसाची बोली ही व्याकरण लिहिण्याजोगी भाषा आहे, असे त्या काळी आपल्यापैकी किती जणांना वाटत होते? मी कवी आहे, म्हणून मला याचे मोल जास्त वाटते. दुसऱ्याची भाषा शिकायची म्हणजे आधी त्याच्यासमोर बसून त्याचे ऐकावे लागते.

याच भागात परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे हॉस्पिटल आहे. ही संस्था १८७४ साली वेलस्ली बेली नावाच्या आयरिश गृहस्थाने सुरू केली. पंजाबात अंबाल्याला शिक्षक म्हणून आला असताना त्याने महारोग्यांची वस्ती पाहिली, आणि पुढचे सारे आयुष्य त्याने त्यांनाच दिले. या हॉस्पिटलशी आमच्या घराचे एक नाते आहे. ते मी आजवर कधी जाहीरपणे सांगितले नव्हते.

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो, अकोल्याच्या जुन्या शहरात पिंजाऱ्याचे काम करीत. पिंजण खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली हिंडत. तातीचा आवाज आला की बायका जुन्या गाद्या अंगणात काढून ठेवायच्या. लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसे. एक दिवस त्यांची विडी बोटांपर्यंत जळत आली आणि त्यांना कळलेच नाही. मांस जळल्याचा वास आला तेव्हा बडी अम्मींनी ओरडून सांगितले. घरात महारोग शिरल्याचे आम्हाला असे समजले.

पुढचे श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. अशा हातांनी भरलेल्या गादीवर कोण झोपणार? काम सुटले. मागच्या खोलीत त्यांची बाज गेली, ताटली वेगळी झाली, पेला वेगळा झाला. आमचे घर निर्दय नव्हते. दादी त्यांच्यासाठी रात्र रात्र दुआ मागायची. बडी अम्मी तर त्यांना सोडून गेली असती तरी कायद्याने तिला अडवले नसते, कारण महारोग हे तेव्हा तलाकचे कारण होते. आमच्या १९३९ च्या कायद्यात होते, हिंदूंच्या कायद्यातही होते. ते २०१९ साली काढून टाकले गेले. बडी अम्मी गेली नाही. पण तीसुद्धा ताटली उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची.

आणि मी? १९८२ सालच्या ईदला बडे अब्बांनी मला खोलीत बोलावून आपल्या हाताने शीरखुर्म्याची वाटी दिली. मी बारा वर्षांचा होतो. "बाहेर बसून खातो," म्हणालो आणि मागच्या नालीत ती ओतून दिली. वळून पाहिले तर ते खिडकीत उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला कधी काही खायला दिले नाही.

त्याच वर्षी त्यांच्या तळपायाची जखम चिघळली. कोणीतरी कोठाऱ्याचे नाव सुचवले. मोहल्ल्यात लगेच कुजबूज सुरू झाली, "पाय बरा होईल, पण ईमान जाईल. तिथं ख्रिश्चन करून टाकतात." अब्बा दोन दिवस विचारात होते. मग त्यांनी मूर्तिजापूरहून शकुंतलेचे तिकीट काढले. ती छोटी गाडी आम्हाला कापसाच्या शेतांमधून रमतगमत अचलपूरला घेऊन गेली. बडे अब्बा डब्याच्या कोपऱ्यात पाय चादरीत लपवून बसले होते.

हॉस्पिटलात एक ड्रेसर होते. चाळिशीचे, सावळे, वऱ्हाडी बोलणारे. बडे अब्बा पाय पुढे करायला तयार होईनात. ड्रेसर खाली जमिनीवर बसले, पाण्याचे टोपले पुढे ओढले आणि म्हणाले, "चाचा, काहून लाजता? द्या न पाय इकडे." मग त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून पाण्यात ठेवला. बराच वेळ भिजवला. कडेची टणक झालेली कातडी हळूहळू घासून काढली, जखम साफ केली, भोवतालच्या सुकलेल्या कातडीला तेल लावले, पट्टी बांधली. संवेदना गेलेल्या पायाला खडा रुतलेला कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय कसा तपासायचा ते शिकवले. मऊ रबराच्या चपलांसाठी पायाचे माप घेतले. हे सगळे करताना ते पावसाचे, सरकीच्या भावाचे बोलत होते.

काम झाल्यावर त्यांनी हात धुतले. बडे अब्बांनी सवयीने पानाचा बटवा काढला आणि मध्येच थांबले. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आले असावे. ड्रेसरनी हात पुढे करून म्हटले, "मले नाई देत का पान?" बडे अब्बांनी थरथरत्या, वाकड्या बोटांनी पान लावून दिले. ड्रेसरनी ते तोंडात टाकले. मी दाराशी उभा होतो. मला ती नाली आठवली.

श्रोतेहो, येशूविषयी तोवर मला ठाऊक होते ते एवढेच, की हजरत ईसा हे अल्लाहचे पैगंबर. त्या दिवशी कोणी मला काही शिकवले नाही. पण ख्रिस्ती धर्म म्हणजे काय, असे आजही कोणी विचारले तर माझ्या डोळ्यांपुढे आधी ते पाण्याचे टोपले येते.

बडे अब्बा तिथे तीन महिने राहिले. सकाळी प्रार्थना व्हायची. ते सुरुवातीला व्हरांड्यात बसायचे, पुढे आत जाऊन बसू लागले. गाणी बरी वाटतात म्हणायचे. नमाजाच्या वेळी त्यांची चटई कोणी ना कोणी टाकून देई. एकदा त्यांनी ड्रेसरना विचारले, "तुम्ही हे का करता?" ड्रेसर म्हणाले, "माह्या येशूनं महारोग्याले हात लावला होता, चाचा. मी कोण मोठा लागून गेलो?" बडे अब्बा म्हणाले, "ये तो हमारी किताब में भी है." आणि ते खरे आहे. ईसा अल्लाहच्या हुकुमाने कुष्ठरोग्याला बरे करीत, असा उल्लेख कुराण शरीफात आहे. तो आमच्या घरी दादी रोज वाचायच्या त्या किताबातच होता.

आता मोहल्ल्याच्या शंकेकडे वळतो, कारण ती टाळून या विषयावर बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेवा हे आमिष असते का? ड्रेसरना मनातून वाटत असेल की चाचांनी येशूला ओळखावे. त्यांनी ती इच्छा लपवली नाही. आमच्यातही दीनची दावत देणारे लोक आहेत. आपल्याला जे अनमोल वाटते ते दुसऱ्यालाही मिळावे असे कोणाला वाटत नाही? दुष्काळाच्या काळात मिशनांनी सांभाळलेली अनाथ मुले ख्रिस्ती म्हणून वाढली, हाही इतिहास आहे, आणि त्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे. माझी कसोटी साधी आहे. समोरच्याने धर्म बदलला नाही, तर पुढच्या वेळी त्याचा पाय धुतला जातो की नाही? बडे अब्बा त्यानंतर चौदा वर्षे कोठाऱ्याला जात राहिले. पुढे तीन औषधांचा नवा उपचार आला, रोग आटोक्यात आला, वाकलेली बोटे मात्र तशीच राहिली. ते मुसलमान म्हणून गेले आणि मुसलमान म्हणूनच परतले. दर खेपेला पाण्याचे टोपले तयार असायचे.

मराठी वाचकाला या संदर्भात नारायण वामन टिळक आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने या हिंदी माणसाशी सभ्यपणे, बरोबरीच्या नात्याने बोलणे केले आणि 'नवा करार' वाचायला दिला. टिळकांनी पुढे दोन वर्षे वाचले, झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म सोडला म्हणून त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी धर्म बदलला नव्हता. पाहत, वागत, स्वतःशी भांडत त्या १९०० साली त्या निर्णयाला आल्या. १९३४ पासून भागाभागाने आलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांत धर्माचे मंडन जवळजवळ नाही. फजिती आहे, गरिबी आहे, घरात येणाऱ्या परक्या पोरांना भाकरी आहे. तेच त्या पुस्तकाचे बळ आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. दुखणाईताला हात लावण्याचा मक्ता कोणा एका धर्माकडे नाही. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, ते कोणत्या मिशनच्या पैशावर नव्हे. गाडगेबाबा मंदिरातल्या देवाऐवजी आंधळ्या-पांगळ्यांकडे, महारोग्यांकडे जात. उलट, नुसत्या नावाचे ख्रिस्तीही मी पाहिले आहेत, जसे नुसत्या नावाचे मुसलमान पाहिले. आजाऱ्याला भेटायला जाणे, ज्याला आम्ही 'इयादत' म्हणतो, ते आमच्या धर्मात मोठे पुण्याचे काम. मला ते पाठ होते. बडे अब्बांची खोली माझ्या अंथरुणापासून वीस पावलांवर होती.

आणखी एक आठवण. ड्रेसरच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा ते अकोल्याला आमच्या घरी आले. म्हणाले, "चाचा, पोरीले गादी द्यायची हाय. तुमीच भरा." बडे अब्बांनी आठ वर्षांनी पिंजण भिंतीवरून काढली. बोटे वळत नव्हती म्हणून मूठ फडक्याने बांधून घेतली. चार दिवसांच्या कामाला बारा दिवस लागले. गल्लीत पुन्हा तातीचा आवाज आला, तेव्हा लोक दारात येऊन उभे राहिले. ड्रेसरनी पुरते पैसे दिले, आणि ती गादी लग्नाच्या घरी गेली. त्यानंतर आमच्या शेजारच्या बाईंनीही एक उशी भरायला दिली.

बडे अब्बा १९९६ साली वारले. गुसल द्यायला मी पुढे झालो. त्या पायांना मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला, आणि ते थंड होते. कब्रस्तानात मिट्टी देताना पाहिले तर मागे ड्रेसर उभे होते, केस पिकलेले, रात्रीची गाडी पकडून आलेले. कोणीतरी त्यांना जागा करून दिली. आमच्याप्रमाणेच त्यांनीही तीनदा मूठभर माती टाकली. तोंडाने काहीतरी पुटपुटले. ती त्यांच्या पद्धतीची प्रार्थना असणार. कोणाला गैर वाटले नाही.

मी धर्म बदलला नाही. मला तशी गरज वाटली नाही. पण त्या माणसामुळे मला माझा धर्म पाळायची लाज वाटेनाशी झाली असे नाही, तर तो नीट न पाळल्याची लाज वाटू लागली. दुसऱ्याच्या श्रद्धेकडून याहून जास्त काय मिळावे?

कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो, लवकर उपचार घेतला तर बोटेही वाचतात. तरी अजून घराघरांत मागच्या खोल्या आहेत. कुठे कुष्ठरोग आहे, कुठे वेड, कुठे नुसते म्हातारपण. तुमच्या-माझ्या श्रद्धेची साक्ष त्या खोलीतला माणूस देणार आहे. त्याने हातात दिलेली वाटी आज तिथेच बसून पिऊन टाका, एवढीच माझी विनंती.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)